प्रदर्शन आणि पाणवठा

कोचीत २०१२ साली शहरभर कलाप्रदर्शन मांडले गेले. तसे सामाजिक आणि पर्यावरणीय प्रश्नांवरचे प्रदर्शन रत्नागिरीत मांडायचे, तर मी आरंभ उक्षीच्या सड्यापासून करीन. तिथे जांभ्या कातळात हत्ती कोरला आहे. ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. कोरणाऱ्यांची नावे उरली नाहीत, जातही नाही. पुढच्या काळात मात्र पाण्यालाही विटाळ चिकटला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले. २० मार्च १९२७ रोजी महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. निसर्गावर हक्क कोणाचा, हाच तो प्रश्न होता. पर्यावरणाच्या प्रदर्शनात हा पाणवठा नसेल, तर ती नुसती रंगरंगोटी ठरेल. म्हणून चित्रे निवडणाऱ्यांत आपली माणसे किती, हे मी आधी विचारीन.