गुप्तश्रवणयंत्र-शोधक (हस्तधारी)

दालनात दडविलेल्या बिनतारी श्रवणयंत्रातून निघणाऱ्या रेडिओ-लहरी अँटेनाने टिपून त्यांची तीव्रता काट्याने वा दिव्यांनी दर्शविणारे, मुठीत मावणारे उपकरण. आसपासचे मोबाईल व वाय-फाय बंद करून, संवेदनक्षमता क्रमाक्रमाने उतरवीत, ते स्विचबोर्ड, घड्याळ, तसबिरीची मागील बाजू यांवरून संथपणे फिरवावे लागते. घाई केल्यास अधूनमधूनच प्रक्षेपण करणारे यंत्र हमखास निसटते, आणि मौन यंत्र तर त्यास सापडतच नाही, ही त्याची खरी गंभीर मर्यादा होय. उदाहरणार्थ, १९४५ साली मॉस्कोत अमेरिकी राजदूतास सोव्हिएत मुलांकडून नजराणा म्हणून मिळालेल्या कोरीव काष्ठमुद्रेतील, सोव्हिएत संशोधक लेव तेरमेन यांनी रचलेल्या श्रवणयंत्रात बॅटरीच नव्हती. बाहेरून लहरींचा झोत सोडला तरच ते जागे होई, आणि म्हणूनच १९५२ पर्यंत ते राजदूताच्या निवासस्थानी निर्वेध टांगलेले राहिले.