वेळ कोणत्या घड्याळाची?

शासकीय कागदावर स्वाक्षरीखाली दिनांक घालण्याची शिस्त जुनी आहे. नोंदलेली वेळ कोणत्या घड्याळाची, हे लिहिण्याची गरज मात्र आज कुणाला भासत नाही. देशभर एकच प्रमाणवेळ असल्यामुळे ही निश्चिंतता आली. ती इतिहासाने दिलेली आहे, आणि संगणकाच्या फायलींपाशी येऊन ती संपते.

जबलपूर जिल्ह्यातील पाटन हे तहसिलीचे गाव सुमारे ७९.७ अंश पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळेचा रेखांश ८२.५ अंश. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने पाटनचा मध्यान्ह प्रमाणवेळेच्या बारा वाजल्यानंतर सरासरी ११ मिनिटांनी येतो. एकोणिसाव्या शतकात गावोगावी हीच, सूर्याची, वेळ पाळली जाई. मार्च १८७० मध्ये मुंबईहून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात जोडल्या गेल्या. मुंबईची वेळ आणि कलकत्त्याची वेळ यांत एक तासाहून अधिक अंतर होते. एकाच रुळावर दोन घड्याळे चालवणे शक्य नव्हते. याच सुमारास रेल्वेने दोहोंच्या मधली मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रास आणि जबलपूर यांचे रेखांश जवळजवळ सारखेच. त्यामुळे रेल्वेच्या वेळेचा बदल या भागाला जेमतेम मिनिटभराचा पडला.

मुंबईत तसे नव्हते. तेथे फरक सुमारे ३० मिनिटांचा होता. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी शासकीय कामासाठी मद्रास वेळ लागू केली. विरोध इतका झाला की १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईचे घड्याळ सुमारे ३९ मिनिटे पुढे सरकले. गिरणी कामगारांच्या दृष्टीने पहाटेच्या झोपेतली ३९ मिनिटे गेली, आणि त्यांनी आपला रोष प्रकट केला. नगरपालिकेनेही मुंबईवेळ पुन्हा धरली व स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ती सोडली नाही. एकाच शहरात 'दहा वाजता' या शब्दांचे दोन अर्थ होते. म्हणून निमंत्रणात व सूचनेत कोणती वेळ, ते लिहावे लागे. पुढे महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, देशाचे घड्याळ एक तास पुढे होते. तेव्हा १९४३ सालच्या नोंदीला साडेपाच तासांचा आजचा नियम लावणारा एका तासाने चुकेल.

हाच प्रश्न आज सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीत उभा राहतो. जुन्या फायलीत कोणत्या ओळी काढायच्या व कोणत्या घालायच्या, याची यादी म्हणजे पॅच. ती यादी लावणारा 'पॅच' नावाचाच प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. यादीच्या शिरोभागी दोन्ही फायलींची नावे आणि त्यांत शेवटचा बदल केव्हा झाला ती वेळ असते. या वेळेला अर्थ आहे. १ जानेवारी १९७० च्या शून्य तासाची जागतिक वेळ म्हणजे 'ही फाइल अस्तित्वातच नाही' असा तेथे संकेत आहे. पण भारतातील संगणकावर तोच क्षण पहाटेचे साडेपाच म्हणून उमटतो. पुढे '+०५३०' लिहिलेले असेल तर अर्थ स्पष्ट राहतो. जुन्या पद्धतीच्या शिरोभागात तसे काहीच नसे. म्हणून क्षेत्र न लिहिलेल्या वेळेसाठी ग्नू प्रकल्पाच्या पॅचला मोठी सवलत ठेवावी लागली: त्या क्षणाच्या आधीच्या २५ तासांपासून नंतरच्या २६ तासांपर्यंतची कोणतीही वेळ तो 'फाइल नाही' अशीच वाचतो. घड्याळाचे नाव न लिहिल्यामुळे दोन दिवसांहून अधिक अवधी संदिग्ध झाला.

फायलीवर यादीतलीच वेळ उमटवायची असेल, तर शिरोभागातील वेळ स्थानिक मानावी की जागतिक, हे त्या प्रोग्रामला वेगळ्या पर्यायाने सांगावे लागते. पॅच घडवणाऱ्याने आपला संगणक तेवढ्यापुरता जागतिक वेळेवर ठेवून यादी करावी, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो. बांधणीची साधने कोणती फाइल नवी हे वेळेवरूनच ठरवतात. तेथे साडेपाच तासांची गफलत झाली, तर दुरुस्त केलेली फाइल जुनी समजून वगळली जाऊ शकते.

हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न नाही. पाटनच्या एखाद्या कार्यालयात १ एप्रिलच्या रात्री १२ वाजून १० मिनिटांनी झालेली नोंद जागतिक वेळेत ३१ मार्चच्या सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांची ठरते. वेळ तीच, पण वित्तीय वर्ष बदलते. खर्च कोणत्या वर्षाच्या तरतुदीतला, अर्ज मुदतीत आला की नाही, हे त्यावर अवलंबून आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख केव्हा पाठवला व केव्हा पोचला असे मानायचे, याचे नियम घालून दिले. सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्याचे निर्देश दिले. घड्याळे जुळवणे आवश्यकच आहे, पण तेवढे पुरेसे नाही. अचूक घड्याळाची वेळही क्षेत्राविना लिहिली तर अर्धीच राहते.

म्हणून साठवण जागतिक वेळेत, नागरिकाला दिसणारी वेळ भारतीय प्रमाणवेळेत, आणि प्रत्येक नोंदीपुढे क्षेत्राचा उल्लेख, एवढा नियम प्रत्येक कार्यालयाने निविदेतच घालावा. मुंबईकरांना दोन घड्याळांचा जाच होता, तरी कोणती वेळ ते लिहिण्याची सवय त्यांनी अंगी बाणवली होती. एकच घड्याळ मिळाल्यावर आपण ती सोडली. संगणकाने ती पुन्हा मागितली आहे.