जैववैद्यक वस्त्रकला

कापड, धागा, रंग व भरतकाम यांच्या जोडीला जंतू, डीएनए, औषधे अशी वैद्यकीय संशोधनातील सामग्री प्रत्यक्ष वापरून घडवलेली कला. पेशींची नक्षी छापलेली साडी किंवा विषाणूच्या आकाराचा भरतकामाचा नमुना या सदरात धरू नये. रोगाशी संबंधित द्रव्य खुद्द कापडात उतरलेले असावे लागते. ब्रिटिश कलावंत ॲना डुमिट्रिऊ हे या प्रकारातील ठळक नाव.

नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा ‘एमआरएसए’ हा जंतू कापडावर वाढवून तिने एक गोधडी केली. जंतूंच्या वाढीबरोबर रंग बदलणाऱ्या पोषकद्रव्यामुळे कापडावर निळे डाग उठतात. जंतू मारून, कापड निर्जंतुक करूनच ते प्रदर्शनात मांडले जाते. २०१८ मधील ‘प्लेग ड्रेस’ हा १६६५ च्या लंडनमधील साथीच्या काळातील घाटाचा रेशमी पोशाख. तो अक्रोडाच्या सालींनी रंगवला असून त्यावर सतराव्या शतकातील जुने भरतकाम जोडले आहे. त्यात प्लेगच्या मारलेल्या जंतूंचा डीएनए मुरवला आहे. मात्र डीएनए डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे शेजारची माहितीची पाटी काढली तर उरतो तो एक सुरेख जुन्या घाटाचा झगा.

त्यापेक्षा सरस काम ‘मेक डू अँड मेंड’. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये जुने कपडे दुरुस्त करून वापरा, असा प्रचार होता. त्याचीच ही घोषणा. पेनिसिलिन रुग्णावर प्रथम वापरले गेले त्या १९४१ या वर्षाची आठवण म्हणून त्याच काळातला एक स्त्रियांचा सूट घेतला आणि त्याच्या भोकांना रेशमी ठिगळे लावली. ठिगळांवर वाढवलेल्या ई. कोलाय जंतूतून क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने औषधप्रतिकाराचे जनुक काढून त्या जागी हीच घोषणा सांकेतिक रूपात भरली आहे. जनुकालाही ठिगळ आणि कापडालाही! इथे पाटी वाचण्याआधीच विषय कळू लागतो.

महाराष्ट्राला कापड आणि रोग यांची गाठ वेगळ्या अर्थाने ठाऊक आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा रोग्यांचे कपडे व अंथरुणे जाळली गेली. १० जानेवारी १८९७ रोजी जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी भायखळ्यात आपली प्लेगची लस स्वतःवर टोचून घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जळालेल्या अंथरुणांच्या त्या इतिहासावर एखादे वस्त्र घडायला हवे.

रंग आणि औषध यांचे नाते तर या कलेच्या आधीचे. १८५६ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ पर्किन क्विनीन करायला निघाला आणि ॲनिलिनपासून जांभळा रंग हाती आला. जर्मन जंतुशास्त्रज्ञ कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला तो मिथिलीन ब्लू या रंगाच्या मदतीने. जर्मन संशोधक डोमाक यांनी गुणकारी ठरवलेले प्रॉन्टोसिल हे पहिले सल्फा औषध म्हणजे मुळात लाल रंगद्रव्यच. १९३९ चे नोबेल त्यासाठीच.

रायगडच्या अंतर्भागात रंग, औषध आणि कापड यांची ही साखळी एका खोऱ्यात सापडते. खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणारे पाणी पाताळगंगेला मिळते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सने त्या नदीच्या काठी, रसायनी येथे रंग व औषधे या दोन्ही उद्योगांना लागणारे ॲनिलिन, नायट्रोबेंझीन केले. १९८२ मध्ये पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धागा निघू लागला. पॉलिएस्टरचीच विणलेली नळी शल्यचिकित्सक फुगलेल्या महारोहिणीच्या जागी शिवतात. अमेरिकी शल्यविशारद डिबेकी यांनी १९५० च्या दशकात आपल्या पहिल्या नळ्या पॉलिएस्टरच्या कापडातून घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या होत्या.

कर्जत-खालापूरच्या कलावंताने हा विषय हाती घ्यायचा तर ॲनिलिनपासून सुरुवात करावी. जंतू मात्र प्रयोगशाळेच्या देखरेखीशिवाय हाताळू नयेत.