गावची चक्की की घरघंटी?

ज्वारीचं पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली की भाकरी थापतानाच तुटते. बाजरीचं तर लवकरच कडू पडतं. म्हणून मंगरूळपीर तालुक्यात ज्यांच्या गावात चक्की आहे, त्यांना आठवड्यापुरतं दळण आणणंच परवडतं. मात्र गव्हामागून ज्वारी टाकली, तर आधीचं पीठ त्यात येतंच.

चक्की दूर असेल, किंवा थ्री फेज गेली की डबा तिथंच पडून राहत असेल, तर घरघंटी बघावी. एक एचपीची घरघंटी सिंगल फेजवर चालते, तासाला साधारण पाऊण युनिट वीज लागते. तिच्यात दगड नसतात, पाती असतात. जाड-बारीक पीठ जाळी बदलून मिळतं. धान्य धुतलं असेल तर कडक वाळवा, नाहीतर जाळी बुजते. विकत घेण्याआधी अनुदानाचं पंचायत समितीत विचारून घ्या.