लॅट्रोडेक्टस

लॅट्रोडेक्टस : थेरिडिइडी कुलातील कोळ्यांची एक प्रजाती. ‘ब्लॅक विडो’ म्हणून गाजलेले कोळी हिच्यातलेच. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत ती आढळते आणि तिच्या तीसहून अधिक जाती आज मान्य आहेत. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ वाल्कनेर यांनी १८०५ मध्ये ही प्रजाती स्थापली. लॅ. ट्रेडेसिमगुटाटस ही भूमध्य सागराच्या परिसरातली जाती तिची प्ररूप जाती होय.

चौथ्या जोडीच्या पायांच्या टोकाशी दातेरी राठ केसांची फणी ही या कुलाची खूण. भक्ष्य जाळ्यात अडकले की मादी पाठमोरी होऊन या फणीने चिकट रेशीम ओढते आणि त्याच्यावर फेकते. जवळच्या स्टिएटोडा प्रजातीत कडेच्या डोळ्यांच्या जोड्या एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात. लॅट्रोडेक्टसमध्ये त्यांत स्पष्ट अंतर असते.

प्रजाती ओळखणे सोपे, जाती ओळखणे मात्र जिकिरीचे. पिल्ले फिकट व पट्टेरी असतात, दर कातीगणिक काळवंडत जातात. पोटाखालचा डमरूसारखा लाल डाग कधी तुटक असतो, कधी नसतोच. त्यामुळे रंगावरून नावे देणाऱ्यांनी भाराभर जाती निर्माण केल्या. कोळ्यांच्या वर्गीकरणात सहसा जननेंद्रियांची रचना निर्णायक ठरते, पण इथे तीही फारशी कामी येत नाही. नराच्या स्पर्शपादावरची स्प्रिंगसारखी वेटोळी नळी आणि मादीच्या शुक्रकोशाच्या नलिकांची वेटोळी बहुतेक जातींत सारखीच दिसतात.

अमेरिकन तज्ज्ञ हर्बर्ट लेव्ही यांनी १९५९ मध्ये याच अवयवांच्या आधारे अवघ्या सहा जाती ठेवल्या आणि जगभरचे कितीतरी कोळी लॅ. मॅक्टन्स या एका नावाखाली आणले. ही कपात फारच सढळ हाताने झाली होती. कॅस्टन यांनी १९७० मध्ये लॅ. हेस्पेरस व लॅ. व्हेरिओलस या उत्तर अमेरिकेतल्या जाती पुन्हा वेगळ्या केल्या आणि १९८३ मध्ये खुद्द लेव्ही यांनीही जननेंद्रियांवरची भिस्त सैल केली. त्या मधल्या काळातल्या दंशाच्या वैद्यकीय नोंदींत ‘मॅक्टन्स’ वाचताना रुग्ण कुठल्या देशातला होता हे आधी पाहावे.

गार्ब, गोन्झालेझ व गिलेस्पी यांनी २००४ मध्ये डीएनएच्या आधारे दोन शाखा दाखवल्या : एकीत लॅ. जिओमेट्रिकस व आफ्रिकेतली लॅ. ऱ्होडेसिएन्सिस, दुसरीत अभ्यासलेल्या बाकीच्या जाती. तरी वाद संपलेले नाहीत. न्यूझीलंडचा काळा काटिपो पूर्वी स्वतंत्र जाती मानत. २००८ पासून तो लॅ. काटिपोचाच रंगभेद ठरला आहे. ऑस्ट्रेलियातल्या लॅ. हॅसेल्टीचा नर आणि काटिपोची मादी यांची संकरित संतती प्रजननक्षमही असते.

भारतातून लॅ. हॅसेल्टी, लॅ. एलेगन्स, लॅ. एरिथ्रोमेलस व लॅ. जिओमेट्रिकस यांच्या नोंदी आहेत. यांपैकी तपकिरी जिओमेट्रिकस माणसाच्या मालवाहतुकीबरोबर जगभर पसरली असून भारतातली तिची पहिली नोंद २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची अंड्यांची पिशवी काटेरी असते. ती दिसली तर कोळी न पकडताही जाती सांगता येते.