कॅप्टन अमेरिका शेवटी नेमका गेला कुठे? ‘एंडगेम’चा वाद अजून का मिटत नाही

‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’चा शेवट आठवा. थॅनॉस संपलाय, टोनी स्टार्कचा अंत्यविधी झालाय. आता एकच काम उरलंय. भूतकाळातून उसने आणलेले सहा इन्फिनिटी स्टोन जिथल्या तिथे परत ठेवायचे. ही जबाबदारी स्टीव्ह रॉजर्स म्हणजे कॅप्टन अमेरिका घेतो. ब्रूस बॅनर सांगतो, त्याला तिकडे कितीही वेळ लागू दे, आपल्यासाठी फक्त पाच सेकंद. पाच सेकंद होतात, पण मशीनवर कोणीच येत नाही. थोड्या अंतरावर तळ्याकाठी एका बाकावर एक म्हातारा बसलेला दिसतो. तोच स्टीव्ह. बोटात अंगठी आहे, चेहऱ्यावर समाधान आहे. तो आपली ढाल सॅम विल्सनच्या हातात देतो आणि आपल्याला पेगी कार्टरसोबत नाचणारा तरुण स्टीव्ह दिसतो. सिनेमा संपतो.

बस्स, वाद इथूनच सुरू होतो. स्टीव्ह पेगीसोबत राहिला हे सगळ्यांना मान्य आहे. पण कुठे राहिला? आपण २१ सिनेमांत पाहिलेल्या याच जगाच्या भूतकाळात, की एका वेगळ्याच जगात? सिनेमा २६ एप्रिल २०१९ ला आला, तरी या प्रश्नावर चाहते आजही भांडतात. गंमत म्हणजे, सिनेमा बनवणाऱ्यांचंही यावर एकमत नाही.

(अजूनही सिनेमा पाहिला नसेल, तर पुढे सगळे स्पॉयलर आहेत.)

आधी पार्श्वभूमी

‘एंडगेम’ हा मार्व्हल सिनेमॅटिक युनिव्हर्समधला २२ वा सिनेमा. दिग्दर्शक अँथनी आणि जो रुसो, लेखक ख्रिस्तोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली. लांबी ३ तास १ मिनिट. जगभरातली कमाई साधारण २.७९ अब्ज डॉलर. जुलै २०१९ मध्ये याने ‘अवतार’ला मागे टाकलं. २०२१ मध्ये ‘अवतार’ चीनमध्ये पुन्हा रिलीज झाला आणि त्याने पहिला नंबर परत घेतला. भारतातही मागणी इतकी होती की काही थिएटरमध्ये रात्रभर शो लागले.

म्हणजे ही मूठभर कॉमिक्सप्रेमींची कुजबुज नव्हती. इतक्या लोकांनी एकच शेवट पाहिला आणि त्याचे दोन वेगळे अर्थ घेऊन ते बाहेर पडले.

सिनेमाचा टाइम ट्रॅव्हलचा नियम काय आहे?

टाइम ट्रॅव्हलच्या गोष्टींमध्ये साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार ‘बॅक टू द फ्यूचर’चा. भूतकाळात काही बदललं की वर्तमान बदलतो. आईवडिलांची भेटच झाली नाही, तर तुम्ही फोटोतून पुसले जाता.

दुसरा प्रकार फांद्यांचा. भूतकाळात बदल केला की तिथून नवीन फांदी फुटते, नवीन जग सुरू होतं. तुमचं मूळ जग होतं तसंच राहतं.

तिसरा प्रकार बंद वर्तुळाचा. तुम्ही भूतकाळात जाऊन जे काही करता, ते आधीच घडून गेलेलं असतं. नवीन काहीच बदलत नाही.

‘एंडगेम’ पहिला प्रकार उघडपणे नाकारतो. ऱ्होडी सुचवतो की थॅनॉस तान्हा असतानाच त्याचा काटा काढू. तेव्हा बॅनर समजावतो की काळ असा चालत नाही. तुम्ही भूतकाळात गेलात की तोच तुमचा भविष्यकाळ होतो आणि आधीचं वर्तमान तुमचा भूतकाळ बनतं. जे घडून गेलं, ते बदलत नाही.

पुढे २०१२ च्या न्यूयॉर्कमध्ये एन्शंट वन बॅनरला हवेत एक रेषा काढून दाखवते. स्टोन काढून नेला तर त्या रेषेला वेगळी, अंधारी फांदी फुटेल. स्टोन घेतला त्याच क्षणी परत आणून ठेवला, तर ती फांदी राहत नाही.

आता खरी मेख इथे आहे. फांदी नेमकी कशामुळे फुटते? कुठल्याही बदलामुळे, की फक्त स्टोन काढल्यामुळे? सिनेमा हे ठामपणे सांगत नाही आणि दोन्ही गट याच फटीतून आत शिरतात.

दिग्दर्शक काय म्हणतात, लेखक काय म्हणतात?

सिनेमा आल्यानंतरच्या मुलाखतींत रुसो बंधूंनी सांगितलं की स्टीव्ह भूतकाळात जाऊन राहिला, तर तिथे फांदी फुटणारच. म्हणजे त्याचा संसार वेगळ्या जगात झाला. मग तो ढाल द्यायला या जगात परत कसा आला? यावर त्यांचं म्हणणं असं की तिथे एखादी वेगळी गोष्ट दडलेली असू शकते.

लेखकांनी हे मान्य केलं नाही. त्यांच्या मते एन्शंट वन फक्त स्टोन काढण्याबद्दल बोलते. स्टीव्ह भूतकाळात नुसता जाऊन राहिला तर फांदी फुटण्याचं कारण नाही. म्हणजे साधारण १९४८ पासून पुढे याच जगात दोन स्टीव्ह होते. एक बर्फात गोठलेला, दुसरा पेगीचा नवरा.

एकच सिनेमा, एकच शेवट. दिग्दर्शक दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आणि लेखक तिसऱ्या.

पुरावे कोणाच्या बाजूने आहेत?

वेगळ्या जगाच्या बाजूने:

- ढाल. शेवटच्या लढाईत थॅनॉस स्टीव्हच्या ढालीचे तुकडे करतो. म्हातारा स्टीव्ह मात्र सॅमला अख्खी ढाल देतो. ती दुसऱ्या जगातून आली असेल, तर हिशोब जुळतो.
- नेब्युला. २०२३ ची नेब्युला २०१४ च्या नेब्युलाला गोळी घालते आणि तरी स्वतः गायब होत नाही. म्हणजे सिनेमात फांदीचा नियम चालतो आहे.
- थॅनॉस. २०१४ चा थॅनॉस २०२३ मध्ये येऊन मरतो. तरीही २०१८ मध्ये त्याने वाजवलेली चुटकी रद्द होत नाही.

याच जगाच्या बाजूने:

- बाक. स्टीव्ह दुसऱ्या जगातून परत आला असता, तर तो मशीनवर उतरला असता. तो बाकावर निवांत बसलेला आहे. जणू इतकी वर्षं इथेच राहून ठरलेल्या दिवशी चालत आला.
- पेगीचा नवरा. ‘द विंटर सोल्जर’मध्ये (२०१४) संग्रहालयात पेगीची १९५३ ची मुलाखत दिसते. स्टीव्हने वाचवलेल्या सैनिकांमध्ये आपला नवराही होता, असं ती सांगते. पण त्याचं नाव सांगत नाही.

हा शेवटचा पुरावा दोन्हीकडे ओढता येतो. एक गट म्हणतो, नाव घेतलं नाही कारण नवरा स्टीव्हच होता. दुसरा गट म्हणतो, स्वतःला वाचवणारा माणूस स्वतःच कसा असेल? त्याच सिनेमात वृद्ध पेगी स्टीव्हजवळ खंत व्यक्त करते की त्याला त्याचं आयुष्य जगता आलं नाही. तो घरी नवरा म्हणून असता, तर ती असं का म्हणाली असती?

भांडण फक्त लॉजिकचं नाही

इथपर्यंत हे कोडं वाटतं. पण चाहते इतके पेटून का भांडतात, हे समजायला बकी आणि टोनीकडे बघावं लागेल.

समजा, लेखकांचं खरं आहे. स्टीव्ह याच जगात १९४८ पासून राहिला. मग त्याला काय काय माहीत होतं? आपला जिवलग मित्र बकी बार्न्स हायड्राच्या ताब्यात आहे आणि त्याच्याकडून खून करवले जात आहेत. पेगीने उभ्या केलेल्या शील्ड संस्थेतच हायड्रा शिरली आहे. १६ डिसेंबर १९९१ ला बकीच्या हातून हॉवर्ड आणि मारिया स्टार्क, म्हणजे टोनीचे आईवडील मारले जाणार आहेत. आणि हे सगळं माहीत असूनही तो गप्प बसला.

‘सिव्हिल वॉर’ (२०१६) आठवतोय? टोनी आणि स्टीव्हची मैत्री तुटली ती याच गोष्टीवरून. आईवडिलांचा खून झाल्याचं स्टीव्हला माहीत होतं आणि त्याने ते लपवलं. तोच माणूस परत एकदा, तेही तो खून होण्याआधी गप्प राहिला असेल, तर मग ‘कॅप्टन अमेरिका’ म्हणजे नेमकं काय? अन्याय दिसला की आपल्याला गप्प राहता येत नाही, हीच तर त्याची ओळख होती.

आता रुसोंचं खरं धरू. वेगळ्या जगात स्टीव्ह बकीला सोडवू शकतो, हायड्रा संपवू शकतो, स्टार्क दाम्पत्याला वाचवू शकतो. नैतिक प्रश्न सुटला. पण नवीन प्रश्न उभा राहतो. त्या जगातही एक स्टीव्ह बर्फात गोठलेला आहे. त्याचं काय? तो बाहेर येईल तेव्हा त्याच्या पेगीचं लग्न त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्याशी झालेलं असेल.

थोडक्यात, पहिल्या उत्तरात स्टीव्ह मित्राला वाऱ्यावर सोडतो आणि दुसऱ्यात स्वतःच्याच प्रतिरूपाचं आयुष्य घेतो. निव्वळ गोड शेवट कुठल्याच बाजूला मिळत नाही. ज्यांनी या पात्राला २०११ पासून मनात जागा दिली, त्यांना म्हणूनच ‘सिनेमाच आहे, सोडून द्या’ हे उत्तर पुरत नाही.

प्रत्येक शंका प्लॉट होल नसते

सिनेमाने स्वतः घालून दिलेला नियम सिनेमाच मोडतो किंवा एखादी घटना घडायला लागणारं कारण कुठेच देत नाही, तेव्हा त्याला प्लॉट होल म्हणतात. आपल्याला आवडलं नाही किंवा दाखवलं नाही, एवढ्याने प्लॉट होल होत नाही. या फूटपट्टीने नेहमीचे काही प्रश्न तपासू.

*भूतकाळात जाऊन थॅनॉसला आधीच का मारलं नाही?* प्लॉट होल नाही. बॅनरने कारण दिलं आहे. त्या भूतकाळाचं भलं झालं असतं, या जगातली गेलेली माणसं परत आली नसती.

*चुटकीने पाच वर्षं का पुसली नाहीत?* हाही नाही. टोनीची अटच ती होती. मधल्या काळात त्याची मुलगी मॉर्गन जन्मली होती आणि तिला तो गमावणार नव्हता. याचे परिणाम मार्व्हलने पुढे ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’सारख्या मालिकेत दाखवलेही.

*लोकी २०१२ मध्ये टेसरॅक्ट घेऊन पळाला, त्याचं काय?* सोडून दिलेला धागा होता. २०२१ च्या ‘लोकी’ मालिकेने तोच उचलला.

*सोल स्टोन परत दिल्यावर नताशा परत का आली नाही?* तो सौदा परत फिरवता येत नाही, असं सिनेमा सांगतो. पण स्टोन परत देण्याची पद्धत काय आणि तिथे स्टीव्हची रेड स्कलशी गाठ पडली का, हे दाखवलंच नाही. ही राहून गेलेली गोष्ट आहे, चूक नाही.

*थॅनॉसचं अवाढव्य जहाज २०२३ मध्ये कसं आलं?* हा मात्र खरा प्लॉट होल म्हणावा लागेल. पिम पार्टिकल्स मोजकेच आहेत, यावर सिनेमाचा अर्धा ताण उभा आहे. त्यांच्यासाठी टोनी आणि स्टीव्हला १९७० मध्ये जाण्याची जोखीम घ्यावी लागते. आणि थॅनॉस मात्र अख्खी फौज घेऊन येतो. एवढे पार्टिकल्स कुठून आले, हे पडद्यावर कोणी सांगत नाही.

*स्टीव्ह मशीनवर का आला नाही?* लेखकांचं धरलं तर प्लॉट होल नाही. दिग्दर्शकांचं धरलं तर आहे.

मग शेवटचा शब्द कोणाचा?

अधिकृत कथेला चाहत्यांच्या भाषेत ‘कॅनन’ म्हणतात. स्वतःपुरत्या मान्य केलेल्या अर्थाला ‘हेडकॅनन’. जुन्या कथेला नंतर नवीन अर्थ चिकटवला तर तो ‘रेटकॉन’.

मुलाखतीत सांगितलेलं कॅननमध्ये धरायचं का, हा जुना वाद आहे. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं की लेखकाचा हेतू हा कलाकृतीचा अंतिम अर्थ नसतो, अर्थ वाचणाऱ्याकडे घडतो. ‘एंडगेम’च्या बाबतीत तर दुसरा इलाजच नाही, कारण इथे बनवणारेच दोन बाजूंना उभे आहेत.

पडद्यावर जे आहे तेवढंच धरलं, तर असं दिसतं: सिनेमाचे नियम दिग्दर्शकांच्या बाजूने झुकतात आणि शेवटच्या दृश्याची मांडणी लेखकांच्या बाजूने. अडीच तास फांदीचा नियम पाळला आणि शेवटच्या पाच मिनिटांत बंद वर्तुळाची भावना वापरली. बाकावर बसलेला म्हातारा मित्र मशीनवर प्रकट होणाऱ्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त भिडतो, हे कोणीही कबूल करेल. त्या भिडण्याची किंमत लॉजिकने मोजली.

जुलै २०२४ मध्ये रुसो बंधू पुढच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’ सिनेमांसाठी परत येत असल्याची घोषणा झाली. त्यामुळे यावर पडद्यावरूनच उत्तर मिळेल, अशी आशा चाहत्यांना आहे. तोपर्यंत कमेंटमध्ये कोणी ‘स्टीव्ह कुठे गेला’ असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी एक उलट प्रश्न विचारा: फांदी कुठल्याही बदलाने फुटते, की फक्त स्टोन काढल्याने? समोरचा यातलं काय निवडतो, त्यावर त्याचं पुढचं सगळं उत्तर ठरतं. आणि बकीबद्दल विचारायला विसरू नका.