सरासरीत न बसणारा पाऊस

महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकास, माण तालुक्यात, त्याचा दहावा हिस्सा पदरी पडला तरी साल बरे गेले असे म्हणतात. परंतु सह्याद्रीच्या पाठीशी पसरलेल्या या पर्जन्यच्छायेच्या मुलखाचे दुखणे केवळ पाऊस थोडा असण्याचे नाही. तो कोणत्या साली येईल, मृगात येईल की थेट हस्तात आणि आला तर किती दिवस टिकेल, याचा भरवसा नसणे हेच देशावरील शेतीचे, गुराढोरांचे आणि राज्यकारभाराचेही मूळ दुखणे होय.

जुन्या ग्रामव्यवस्थेने हा बेभरवसा गृहीत धरला होता. सुकाळात पिकलेली ज्वारी सारीच्या सारी बाजारी न नेता पेवात उतरवीत. मुरमाड, कोरड्या जागी खोल खड्डा खणून, त्याच्या बाजूंना कडबा व भुसा दाटून लावून, तोंडावर फरशी ठेवून ते मातीने लिंपले म्हणजे आतील धान्य काही वर्षे टिकत असे. आणि पेव उघडल्यावर आतील कोंडलेली विषारी हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे. बाजरीच्या रानात तूर-मटकीचे पाटे टाकावयाचे ते एक बुडाले तर दुसरे हाती लागावे म्हणून. मृग-आर्द्रा कोरडी गेली तरी काळ्या जमिनीत मुरलेल्या हस्ताच्या ओलीवर शाळू उभा राहतो म्हणून सोलापूरकडील कुणबी रब्बीवर विसंबे. आणि दिवाळीनंतर माळावरील कुसळी गवत सरले म्हणजे धनगर मेंढरांचे कळप घेऊन घाट उतरून कोकणात जात. सरकारातही पिकाची पाहणी करून आणेवारी ठरविणे, बुडीत साली साऱ्यात सूट देणे, बी-बियाण्यास व बैलांस तगाई देणे आणि ओस पडलेल्या गावास कौल देऊन पुन्हा वसविणे, हे कारभाराचे नित्याचे अंग होते.

हे सारे पुरेसे ठरत असे, असे मात्र नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस आरंभ झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे चालला असे परंपरा सांगते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाची कोठारे उपाशी रयतेस मोकळी केली आणि त्यांचा भरणा करावयास प्रत्यक्ष विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारी गेला, ही कथा तर घरोघर ठाऊक आहे. तीतील चमत्कार बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते : दुष्काळात धान्य मुळीच नव्हते असे नाही, ते कुलुपात होते.

इंग्रजी अमलाने या हिशेबाचा पायाच बदलला. १८३६ साली इंदापुरापासून सुरू झालेल्या सर्व्हे-पद्धतीत सारा तीस वर्षांकरिता रोख ठरू लागला. तो बेताचा ठेवला आहे, तेव्हा चांगल्या सालाच्या नफ्यातून रयतेने वाईट सालाची तूट भरून काढावी, अशी तिची विचारसरणी. सूट हा तीत अपवाद ठरला. कागदावर ही सरासरी निर्दोष होती. पण कुणब्याच्या पदरी सरासरी साल कधी येतच नाही, एकतर पिकलेले येते वा बुडालेले, आणि बुडालेल्या सालाचा हप्ता भरण्यास त्याला सावकाराच्या ओट्यावर जावे लागे. १८७५ साली सुप्याच्या बाजारात रयतेने सावकारांच्या वह्या व रोखे पेटविले आणि पुढच्याच वर्षी पाऊस पाठ फिरवून गेला.

१८७६-७८ चा तो दुष्काळ दख्खनेत, मद्रास इलाख्यात व म्हैसुरात लक्षावधी माणसे घेऊन गेला. मदतीच्या कामांवर सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी रोजीत काटकसर करून ती एक रत्तल धान्य व वर थोडी रोकड एवढ्यावर आणली, तेव्हा उपाशी मजूर कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांची सरबत्ती केली. धोंड-मनमाड लोहमार्गाची भर घालण्याचे काम याच काळात दुष्काळी मजुरांच्या हातून झाले.

याच अनर्थातून पावसाच्या शास्त्राला चालना मिळाली. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना या दुष्काळी वर्षांत हवेचा दाब हिंदुस्थानापासून ऑस्ट्रेलियापर्यंत चढलेला आढळला. पुढे हिमालयावरील बर्फाचा आधार घेऊन त्यांनी पावसाचे भाकीत करून पाहिले, आणि ४ जून १८८६ रोजी खात्याचा पहिला दीर्घ मुदतीचा अंदाज निघाला. १९०४ मध्ये खात्याची सूत्रे केंब्रिजचे सीनियर रँग्लर गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. सिमल्याच्या कचेरीत कारकुनांकरवी जगभरच्या नोंदींचे परस्परसंबंध काढविता काढविता त्यांना दिसले, की प्रशांत महासागरावर दाब चढला म्हणजे हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलट झाले म्हणजे तागडीच्या दुसऱ्या पारड्याप्रमाणे इकडे तो चढून मोसमी वारे दुबळे होतात. या हेलकाव्यास त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ असे नाव दिले. खात्याचे मुख्यालय १९२८ साली पुण्यास आले. शिवाजीनगरातील ती घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत पुणेकरांच्या तोंडी आजही ‘सिमला ऑफिस’च आहे.

या हेलकाव्याचे दुसरे टोक पेरूच्या किनाऱ्यावर होते. तेथील कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उष्ण प्रवाहास ‘एल निनो’ म्हणजे बाळ येशू म्हणत. एरवी व्यापारी वारे उबदार पाणी पश्चिमेस लोटतात व पेरूपाशी तळाचे थंड, पोषक पाणी वर येते. त्यावर अँकोव्ही मासा आणि त्या माशावर समुद्रपक्ष्यांचे थवे जगतात. वारे मंदावले की ऊब पूर्वेस सरकते, मासा नाहीसा होतो, पक्षी उपासमारीने मरतात, आणि पावसाचा पट्टाही सरकल्याने हिंदुस्थानावरील हवा वर चढण्याऐवजी खाली बसू लागते. समुद्र व वारा ही एकाच घडामोडीची दोन अंगे आहेत, हे हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये मांडले. आणि तीनच वर्षांनी, १९७२ साली, पेरूची मासेमारी कोसळली व महाराष्ट्राने शतकातील एक मोठा दुष्काळ पाहिला. खडी फोडणाऱ्या लाखो हातांना या वेळी मजुरी, सुकडी आणि मिलो ज्वारी मिळाली. पाऊस १८७६ प्रमाणेच हुकला होता. परंतु माणसे त्या प्रमाणात दगावली नाहीत, आणि रोजगार हमी योजना याच अनुभवातून पुढे कायद्यात उतरली.

तरीही या नियमावर डोळे मिटून विसंबता येत नाही. १९९७ चा एल निनो अतिप्रबळ असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला, आणि २००२ मध्ये त्याहून सौम्य एल निनोत मोठे अवर्षण पडले. १९९९ मध्ये हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम भागांतील तापमानाचा निराळा हेलकावा ध्यानी आल्यावर १९९७ चे कोडे काही अंशी उलगडले. अंदाज यापुढेही सुधारत जातील. पण अंदाज म्हणजे शक्यता, आणि देशावरील सहाशे वर्षांचा इतिहास पाहता दुष्काळाचा निकाल आभाळात निम्माच लागतो. उरलेला निम्मा कोठाराची किल्ली कोणाच्या हाती आहे आणि बुडीत सालाचा बोजा कोणावर टाकला आहे, यावर ठरतो.